तिथे काही नाही, असं म्हणू नका

परवा सोसायटीच्या बैठकीत पाण्याच्या टाकीचा आणि लिफ्टचा विषय संपला, आणि चहा घेता घेता गोष्ट निघाली ती एनआरआय संकुलाच्या मागच्या पाणथळ जागेची. तिथे गोल्फ कोर्स आणि टॉवर व्हावेत की नकोत. आमचे एक शेजारी आहेत, वयाने मोठे, सोसायटीच्या प्रत्येक अडचणीला धावून येणारे. ते म्हणाले, "अहो ताई, तिथे आहे काय? चिखल आणि डास. एवढी मोक्याची जागा रिकामी पडलीय. गोल्फ कोर्स झाला तर हिरवळ तरी होईल, आपल्या फ्लॅटचे भाव वाढतील." चार-पाच जणांनी मान हलवली. मी दोन वाक्यं बोलले आणि थांबले. चहा संपेपर्यंत सांगून होण्यासारखं ते नव्हतं. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. पोस्ट मोठी झालीय, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

मी 1996 पासून नवी मुंबईत, नेरुळला राहते. तेव्हा पाम बीच रोड आजच्यासारखा नव्हता, संध्याकाळी खाडीकडून वारा आला की चिखलाचा खारट वास थेट स्वयंपाकघरात यायचा. पहिली काही वर्षं मलाही ती जागा रिकामीच वाटायची. माझं मत बदललं ते करावे गावातल्या एका काकांमुळे. आमच्या दारावर मासळी घेऊन यायच्या त्या मावशींचे ते दीर. एका रविवारी ओहोटीला ते मला आणि माझ्या मुलाला खाजणात घेऊन गेले. चपला काढायला लावल्या. मला सपाट, करडा चिखल दिसत होता, दुसरं काही नाही. काका वाकले, एका भोकात कोपरापर्यंत हात घातला, थोडा वेळ तसेच थांबले आणि हात बाहेर काढला तेव्हा मुठीत वळवळणारी निवटी होती, चिखलात बिळं करून राहणारी मासळी. मग त्यांनी बोटाने दाखवलं तशी भोकं दिसायला लागली. हे चिंबोरीचं, हे निवटीचं, हे जुनं, आता आत कुणी नाही. पाच मिनिटांपूर्वी जिथे मला काहीच दिसत नव्हतं तिथे पाय कुठे ठेवावा कळेना. मुलाने विचारलं, इथे रोज येता का? ते म्हणाले, "उधाणाला येगला, भांगाला येगला. पन चिखल हाय म्हनून मावरं हाय, बाळा." म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत वेगळं, लहान भरतीच्या दिवसांत वेगळं, पण चिखल आहे म्हणून मासळी आहे.

काका आता नाहीत. पण "तिथे काही नाही" असं कुणी म्हटलं की मला त्यांचा कोपरापर्यंत माखलेला हात आठवतो.

आता मुद्द्याचं. ज्यांना हा वाद नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नेरुळ-सीवूड्सच्या खाडीकाठाला तीन पाणथळ जागा आहेत: डीपीएस तलाव, एनआरआय आणि टी. एस. चाणक्य. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, त्याची भूमिका पहिल्यापासून अशी की ही विकासयोग्य जमीन आहे. तिथे गोल्फ कोर्स आणि त्याला लागून निवासी संकुल उभारायचा बेत होता. लोक न्यायालयात गेले आणि 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बेत रोखला. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. इकडे महापालिकेने ऑगस्ट 2022 मध्ये शहराचा प्रारूप विकास आराखडा जाहीर केला, हरकती-सूचना मागवल्या, सुनावण्या झाल्या. 2024 मध्ये याच पाणथळ जागा आराखड्यात निवासी होणार असल्याचं बाहेर आलं आणि लोक रस्त्यावर उतरले. शाळेतली मुलं, आजी-आजोबा, हात धरून साखळी करून उभे राहिले. मी त्यात होते.

आणि ही सगळी वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते. मे 2020 मध्ये मुदत संपली, त्यानंतर थेट जानेवारी 2026 मध्ये निवडणूक झाली. साडेपाच वर्षं शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती. पुढच्या वीस वर्षांचा नकाशा आखला जात होता तेव्हा सभागृह रिकामं होतं. तलावाकाठची जागा रिकामी आहे अशी चर्चा आपण करत बसलो, पण खरी रिकामी जागा ती होती.

शेजाऱ्यांच्या बोलण्यात एक प्रश्न रास्त होता, त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. ते म्हणाले, ठाणे खाडीत एवढं मोठं फ्लेमिंगो अभयारण्य आहे की, मग या तुकड्यांसाठी एवढा जीव का टाकता? खरंच आहे, अभयारण्य मोठं आहे. 2015 मध्ये जाहीर झालं, जवळपास 1690 हेक्टर. 2022 मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा दर्जा मिळाला. हंगामात लाखाच्या वर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, खाडीत येतात. मग?

मग भरती येते. रोहित चिखलात उभे राहून खातात. त्यांच्या दोन जाती: लहान रोहित पाण्यातलं शेवाळ गाळून खातो, मोठा रोहित बारीक कोळंबीसारखे जीव टिपतो. ओहोटी असते तोवर खाडीत मैलभर चिखल उघडा असतो, सगळ्यांना जागा. भरतीला तोच चिखल पाण्याखाली जातो, उधाणाला तर पुरुषभर पाणी चढतं. तेव्हा हजारो पक्ष्यांना उभं राहायला उथळ पाणी हवं, माणसांपासून आणि कुत्र्यांपासून सुरक्षित हवं आणि खाडीपासून जवळ हवं. ती जागा म्हणजे हे "तुकडे". अभयारण्य हे त्यांचं जेवणघर असेल तर हे तलाव म्हणजे त्यांची ओसरी. ओसरी काढून घेतली तर जेवणघर कितीही मोठं असून ते राहायचे नाहीत.

हे बघायचं असेल तर पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास जा. त्या दिवसांत आपल्याकडे भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास असते. अकराला तलावावर पोचा. तेव्हा शंभर-दोनशे पक्षी असतील, चोच खाली घालून शांत. मग कांदळवनाच्या वरून पहिली रांग येते. उडताना मान आणि पाय सरळ ताणलेले, पंखांखालचा लाल-काळा रंग उन्हात एकदम उघडतो. मागून दुसरी रांग, तिसरी. वीस मिनिटांत पाण्याचा रंग बदलतो. आणि आवाज! लांबून माणसांचा घोळका कुजबुजत असावा तसा सलग आवाज. मी आईला शेवटच्या वर्षी व्हीलचेअरवरून घेऊन गेले होते. तिला मोतीबिंदूमुळे पक्षी वेगळे दिसत नव्हते, पण ती म्हणाली, "बाजार भरल्यासारखं वाटतंय गं." पुढचा तासभर तिने मला घरी जायचं नाव काढू दिलं नाही.

गोल्फ कोर्सही हिरवाच की, असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारते, ती हिरवळ कशावर उगवणार? आधी भराव. खाऱ्या चिखलावर मातीचे डंपर रिकामे केल्याशिवाय तिथे गवत धरणार नाही. मग त्या गवताला रोज गोडं पाणी, खत, औषधफवारणी. हे सगळं पावसाबरोबर वाहून खाडीत. ज्या शेवाळावर आणि किड्यांवर पक्षी जगतात ते पहिल्याच फेरीत संपणार. हिरवा रंग म्हणजे निसर्ग हे आपल्या डोक्यात कुठून बसलंय कोण जाणे. खाडीचा निसर्ग करडा असतो. आणि खेळायचंच असेल तर सिडकोचा गोल्फ कोर्स खारघरला आहेच.

2024 चा उन्हाळा आठवा. डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याच्या वाटा बुजल्या आणि तलाव आटला. भेगाळलेल्या तळावर पक्षी भरकटत होते, काही रस्त्यावर आले, काही मेले. एका सकाळी फिरायला गेले तेव्हा काठाच्या जाळीजवळ एक पिल्लू बसलेलं होतं. रोहितची पिल्लं गुलाबी नसतात, राखाडी असतात, हे मला तेव्हा कळलं. एका मुलाने त्याच्यावर आपला शर्ट धरून सावली केली होती आणि तो बचाव पथकाची वाट बघत होता, कॉलेजची बॅग पाठीवर तशीच. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरला विमानाची धडक बसून 39 रोहित गेले. आता आपल्या दाराशी विमानतळ सुरू झालाय, डिसेंबर 2025 पासून विमानं उडतायत. तलाव बुजवले म्हणून पक्षी हवेत विरघळणार नाहीत. ते दुसरी सपाट, उघडी, पाण्याजवळची जागा शोधतील. ती कुठे सापडेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आनंदाची गोष्ट अशी की एप्रिल 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाचे 30 एकर संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. लोकांनी नेट लावला म्हणून हे झालं. पण एनआरआय आणि चाणक्य त्यात नाहीत. पक्ष्यांसाठी, पाण्यासाठी, ही एकच सलग जागा आहे.

पाण्याचं सांगायचं राहिलं. आपलं शहर समुद्रसपाटीच्या हिशेबाने फार खाली आहे. बरेचसे नोड, म्हणजे शहराचे विभाग, खाजणावर भराव घालून उभे केलेत. म्हणून आखणी करतानाच होल्डिंग पाँड ठेवले: भरती असताना खाडीकडची दारं बंद, तेवढा वेळ पावसाचं पाणी तलावात साठायचं, ओहोटी लागली की बाहेर. आपल्या जुन्या शेतकऱ्यांनी खारजमिनीत बांध घालून, त्यात पाणी सोडायची दारं, म्हणजे उघाडी, ठेवून पिढ्यानपिढ्या हेच केलं होतं. 26 जुलै 2005 ला आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी होतं. खालच्या काकूंचं लग्नातलं शिसवी कपाट फुगून गेलं, दारं कधीच पुन्हा बसली नाहीत. पाणी उतरलं ते ओहोटी लागल्यावर. खाडीकाठी पाण्याला पसरायला जी काही सखल जागा उरलीय ती बुजवली, तर पुढच्या वेळी ते पाणी कुठे जाणार? फ्लॅटचा भाव काढताना हाही हिशेब धरा.

आता सगळ्यात अवघड मुद्दा, आणि तो मला पक्ष्यांवर प्रेम करणाऱ्या आपल्यासारख्यांनाच सांगायचाय. मागे एका चर्चेत करावे गावातला एक तरुण उठून म्हणाला, "आमची जमीन घेतली तेव्हा कुणी पक्षी मोजायला आलं नव्हतं." सभा गप्प झाली. त्याचं खरं आहे. सत्तरच्या दशकात ठाणे-रायगडमधल्या 95 गावांची जमीन नवं शहर वसवायला घेतली गेली. आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरं, खाजणं. तेव्हाही कागदावर ती नापीक, पडीक होती. ज्या खाऱ्या जमिनीतला भात खाऊन तीन पिढ्या वाढल्या तिला पडीक म्हटलं की भाव कमी देता येतो. 1984 मध्ये उरण तालुक्यातल्या आंदोलनात पाच जणांनी जीव दिला तेव्हा साडेबारा टक्क्यांची, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढा विकसित भूखंड परत मिळण्याची, वाट मोकळी झाली. त्या तरुणाला मी एवढंच सांगितलं की दादा, तुझ्या आजोबांची जमीन "सार्वजनिक कामासाठी" म्हणून घेतली. त्यातली राहिलेली शेवटची जागा मूठभर लोकांच्या खेळासाठी आणि खाडी दिसणाऱ्या फ्लॅटसाठी जाणार असेल, तर फसवणूक तुझी दुसऱ्यांदा होते. गावठाणातल्या घरांचा प्रश्न सोडवायलाच हवा, त्यासाठी मी तुझ्याबरोबर उभी राहीन. पण गोल्फ कोर्समधून तुला घर मिळणार नाहीये. तो हो म्हणाला नाही. पण थांबून अर्धा तास बोलला.

रिकामी, पडीक, ओसाड. या शब्दांनी किती जमीन गिळलीय! काही वर्षांपूर्वी आम्ही कच्छला रणोत्सवाला गेलो होतो, धोरडोच्या तंबूंत राहिलो. पांढऱ्या मिठाकडे बघून आमच्या बसमधले सगळे म्हणत होते, "इथे काहीच नाही." त्याच मोठ्या रणात, आत, पाऊस चांगला झाला की रोहित चिखलाची घरटी बांधून वीण घालतात. कच्छचे राव खेंगारजी यांनी ती जागा जगासमोर आणली, 1940 च्या दशकात पक्षितज्ज्ञ सालिम अली तिथे गेले. त्या वसाहतीचं नाव फ्लेमिंगो सिटी. आपल्या महापालिकेनेही शहराला हेच नाव लावलंय, चौकाचौकांत गुलाबी पुतळे उभे केलेत, उड्डाणपुलांवर चित्रं काढलीत. मला ती चित्रं आवडतात, माझी नात त्यांच्याकडे बघून हात हलवते. 2022 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) खाडीतल्या सहा रोहितांना जीपीएस टॅग लावले. एकाचं नाव हुमायून, एकाचं चक्क नवी मुंबई. हुमायून भावनगरला गेला आणि परत आपल्या खाडीत आला. तिकडचं रण आणि इकडचं खाजण, आपण दोन्हीला ओसाड म्हणतो, आणि रोहित अशाच जागांवर आयुष्य काढतात.

आता 111 नगरसेवक निवडून आलेत. आपल्याला पुन्हा सभागृह मिळालंय, जिथे हा विषय उघडपणे, नाव घेऊन, इतिवृत्तात नोंद होऊन बोलला जाऊ शकतो. तिन्ही पाणथळ जागा पाणथळ म्हणूनच नकाशावर असाव्यात, भरतीच्या पाण्याची वाट मोकळी ठेवण्याची जबाबदारी ठरवली जावी आणि गावठाणांच्या घरांचा प्रश्न या जागांशी न जोडता वेगळा सोडवावा, असा ठराव महासभेने करावा, एवढी माझी मागणी आहे. प्रचारात आमच्या दारात आलेल्या प्रत्येक उमेदवाराला मी हे विचारलं होतं, आणि जवळपास प्रत्येकाने "ताई, तुमच्याबरोबर आहोत" असं सांगितलं होतं. मी त्यांचा शब्द खरा धरते.

माझ्या प्रभागातल्या चौघांनाही मी पत्र दिलंय, पोच घेतलीय. पत्राचा मसुदा पहिल्या कमेंटमध्ये टाकलाय. त्यात तुमचं नाव, पत्ता, प्रभाग क्रमांक घाला आणि स्वतः नेऊन द्या. आमच्या शेजाऱ्यांना मी येत्या अमावस्येला सकाळी अकराला तलावावर बोलावलंय, ते येतो म्हणालेत. अजून कुणाला यायचं असेल तर या, थर्मासमध्ये चहा भरपूर आणते.