स्पेड कोण उपटणार?

सकाळपासून डोकं फिरलंय. पुतण्याने दुसऱ्या महायुद्धावरच्या एका स्ट्रॅटेजी गेमची क्लिप पाठवली. वर लिहिलंय, "काका, फुल रिअ‍ॅलिस्टिक!" गेमचं नाव घेत नाही, उगाच भांडणं होतील. क्लिपमध्ये एक अवजड तोफ गोळा डागते, चाकांसकट टुणकन उडते आणि पुन्हा होती तिथेच बसते. मग हे साहेब माऊस क्लिक करतात आणि तोफ गर्रकन तोंड फिरवते. झालं!

माझा मामा तोफखान्याच्या मीडियम रेजिमेंटमध्ये गनर होता, १३० एमएमच्या रशियन तोफेवर. मागे एकदा असलाच गेम तो याच पोराशेजारी बसून बघत होता. बराच वेळ गप्प. मग एवढंच विचारलं, "आणि स्पेड कोण उपटणार?" स्पेड म्हणजे तोफेच्या मागे जमिनीत रुतणारं फावड्यासारखं पातं.

आता मामाच्या तोफेचा हिशोब करा. गोळा ३३ किलोचा, नळीतून निघतो सेकंदाला ९०० मीटरच्या वर. तोफ पावणेआठ टनांची. तिला नुसती चाकांवर मोकळी सोडली तर ती सेकंदाला चार मीटरने मागे येईल. म्हणून नळी एकटीच मागे सरकते, तेल आणि दाबलेली हवा धक्का खातात, नळी परत पुढे येते. उरलेला धक्का मागच्या दोन ट्रेलमधून, म्हणजे तोफेच्या लांब पायांतून, स्पेडवर आणि स्पेडवरून जमिनीत. प्रत्येक गोळ्यागणिक स्पेड आणखी रुतते. नळी दोन्ही बाजू मिळून ५० अंश फिरते. शत्रू त्याच्या बाहेर गेला की ट्रेल उचला, स्पेड उपटा, नव्या जागी पुन्हा खणा. मामा म्हणायचा, चिखलात हे करताना देव आठवतो.

आणि ती टुणकन उडी! फ्रेंचांनी १८९७ साली ७५ एमएमची तोफ आणली ती हीच कटकट मिटवायला. त्याआधी प्रत्येक गोळ्यानंतर अख्खी तोफ मागे जायची, ढकलून पुढे आणा, नेम पुन्हा धरा. म्हणजे महायुद्ध दुसरं आणि धक्का एकोणिसाव्या शतकातला. वा!

हो, गेम आहे. स्पेड उपटेपर्यंत प्लेअरला ताटकळत ठेवलं तर कोण खेळेल, मान्य. ब्रिटिशांच्या २५ पाउंडर तोफेखाली गोल प्लॅटफॉर्म असायचं, ती चटकन फिरायची, तेही मान्य. पण मग सरळ "मजेशीर" म्हणा ना.

मला खरं खुपतं ते वेगळंच. गोळा पडतो तिथे सगळी फिजिक्स ओततात. २००६ च्या कंपनी ऑफ हीरोज या गेममध्येसुद्धा गोळ्याने पडलेल्या खड्ड्यात सैनिक आडोसा घ्यायचे, आणि मला ते आवडलंही होतं. गोळा निघतो तिथे मात्र काहीच नाही. तिथेच तर मामासारखी माणसं पहारी-फावडी घेऊन राबत होती.

पोरावर राग नाही हो. त्या दिवशी स्पेड म्हणजे काय हे त्यानेच विचारलं होतं, आणि मामाने वहीच्या मागच्या पानावर ट्रेल, ब्रीच (नळीचं मागचं, गोळा भरायचं तोंड) सगळं काढून दाखवलं. ब्रीचच्या मागे एक रेघ मारली. "इथे उभा राहिला तो गेला." इतका खुललेला मामा मी क्वचितच पाहिलाय.

आजच्या क्लिपमध्ये त्या रेघेवर एक सैनिक उभा आहे. तोफ डागतात तेव्हाही तो तिथेच. नळी त्याच्या पोटातून आरपार जाते आणि हा पुढचा गोळा हातात धरून उभा! याला रिअ‍ॅलिस्टिक म्हणायचं?

बरं, स्ट्रॅटेजी गेम ना हा? मग तोंड कुठे करून तोफ रोवायची, हाच तर डाव. चुकलात तर भोगा! फुकटात फिरवता आली तर डोकं चालवायचं कशाला? पुतण्याला हेच लिहून पाठवलं. त्याचं उत्तर, "काका, मॉड टाकतो." म्हणजे गेममध्ये बदल करणारी फाइल.

आणि हो, तोफेचा विषय निघाला म्हणून कॉमेंटमध्ये बोफोर्सची दलाली आणू नका. डिलीट करेन.