दिवे लावले म्हणून ट्रायल बाइक रस्त्याची होत नाही

ट्रायल बाइक म्हणजे पाय न टेकता, तोल सांभाळत खडकांवरून हळूहळू जाण्याच्या स्पर्धेची हलकी गाडी. ती रस्त्यावर आणण्यासाठी दुचाकीवेड्यांमध्ये एक सल्ला जोरात फिरतोय: ‘छोटी ट्रायल बाइक घ्या. हेडलाइट, आरसे, नंबर प्लेट लावा, पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) मोठं करा. टायर मऊ, वजन जेमतेम ७० किलो, ब्रेक दाबला की जागच्या जागी उभी!’

ट्रायल बाइक रस्त्यावर चालते, याबद्दल वादच नाही. ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ या सहा दिवसांच्या स्पर्धेमध्ये खडकाळ टप्प्यांच्या मधलं अंतर स्पर्धक सार्वजनिक रस्त्यानेही कापतात. पण वरची कृती जशीच्या तशी केली, तर खर्च भलतीकडेच होतो.

‘हेडलाइट लावा.’ लावाल, पण वीज कुठून आणाल? स्पर्धेच्या बहुतेक गाड्यांना बॅटरीच नसते. दिव्यांसाठी वेगळी कॉइल नसेल, तर स्टेटरपासूनच, म्हणजे इंजिनवर वीज तयार करणाऱ्या भागापासूनच, काम निघतं. कॉइल असली तरी तिच्यातून एसी वीज येते, तीही इंजिनच्या फेऱ्यांबरोबर कमीजास्त होणारी. सिग्नलला गाडी आयडलिंगवर आली की हेडलाइट पिवळा पडतो, ब्रेक दाबल्यावर आणखी मंदावतो आणि इंडिकेटर उघडझाप करायचा सोडून नुसता मिणमिणत राहतो. रेग्युलेटर नसेल तर रेस केल्यावर बल्ब उडतात ते वेगळंच. नीट करायचं तर रेग्युलेटर-रेक्टिफायर (वीज मर्यादेत ठेवून एसीची डीसी करणारा), छोटी बॅटरी, सगळे दिवे एलईडी आणि त्यांना चालणारा फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा), एवढं सगळं लागतं. नंबर प्लेट कुठे लावताय तेही बघा. मागचं मडगार्ड लवचीक प्लॅस्टिकचं असतं. खड्ड्यात चाक वर आलं की प्लेटची खालची कड टायरला घासते.

‘पुढचं स्प्रॉकेट मोठं करा.’ गणित बरोबर आहे: १० दातांऐवजी ११ केले, तर तेवढ्याच आरपीएमला वेग १० टक्के वाढतो. पण या गाड्यांचे खालचे गिअर पायी चालण्याच्या वेगासाठी असतात आणि वरचे एक-दोन एकदम लांब, म्हणजे वेगाचे. मधली दरी स्प्रॉकेटने भरत नाही. उलट चढावर वरच्या गिअरमध्ये दम निघत नाही, खालच्या गिअरमध्ये पूर्वीसारखं रांगता येत नाही, आणि मग सगळा भार क्लचवर. मोठ्या स्प्रॉकेटवरची चेन इंजिनच्या केसिंगला लागते का, हेही आधी तपासायला हवं. माझ्या मते एक दात वाढवावा आणि ताशी ५०-६० किलोमीटरवर समाधान मानावं. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागणारं, असेल तर आणखी एक गोष्ट. स्पर्धेत इंजिन पूर्ण जोरात क्षणभरच चालतं, म्हणून पेट्रोलमध्ये ऑइल कमी घालतात. रस्त्यावर ते सलग तापतं, तेव्हा ऑइलचं प्रमाण वाढवावं लागतं. लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवला की पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही पोचत नाही. मधूनमधून थोडा उघडायचा.

‘मऊ टायर रस्त्याला चिकटतो.’ कोरड्या रस्त्यावर चिकटतो, हे खरं. पण स्पर्धेत मागच्या टायरमध्ये हवा ४-५ पीएसआयच असते. एवढ्या हवेवर वेगात वळलात तर टायरची भिंत दुमडते, गाडी डोलते, टायर तापतो. ट्यूबचा टायर असेल तर तो रिमवर सरकून व्हॉल्व्ह तुटण्याचीही भीती. हवा वाढवा, आणि टायर रस्त्यासाठी मान्य आहे का ते त्याच्या कडेवर वाचा. काही फक्त स्पर्धेसाठीच असतात.

‘जागच्या जागी थांबते.’ चालण्याच्या वेगाला, हो. पण गाडी ७० किलोची असली तरी वर बसणारा तेवढाच किंवा जास्त वजनाचा असतो. डिस्क लहान आणि पातळ, लांब घाटउतारात तापून ढिल्या पडणाऱ्या. चाकांमधलं अंतर सुमारे १.३ मीटर, म्हणजे पुढचा ब्रेक करकचून दाबला तर मागचं चाक उचललंच.

सीटबद्दल सल्ला गप्पच आहे. या गाड्या उभं राहून चालवायच्या असतात. गिअर लिव्हरही मुद्दाम इतका पुढे असतो की बसून चालवताना पाय पोचत नाही. उंच सीट बसवता येते. लिव्हरचा मात्र कुणी विचारच करत नाही. टाकी दोन-तीन लिटरची, तेव्हा पंप कुठे आहे हे बघूनच निघायचं.

राहिली कागदपत्रं. नियम देशागणिक वेगळे, पण नुसते दिवे लावल्याने नोंदणी मिळत नाही. मूळ गाडी रस्त्यासाठी मान्यताप्राप्त होती का, हे आधी विचारा, तेही गाडी विकत घेण्यापूर्वी. १९८०च्या दशकातली होंडा टीएलआर २०० फोर-स्ट्रोक होती आणि कारखान्यातूनच दिव्यांसह निघायची. स्पर्धेच्या आजच्या गाड्यांपेक्षा ती जड आहे. पण रस्त्यासाठीच घ्यायची असेल, तर मी तसलीच शोधेन.