'95 टक्के अचूक' किट आणि वस्तीतलं शिबिर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नागपूरच्या महालातले भाऊ, तुम्ही नाव लिहिलं नाही म्हणून भाऊच म्हणतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : 'पंधरा मिनिटांत टीबी सांगणारं किट आलंय, पत्रकात 95 टक्के अचूक छापलंय. वस्तीत शिबिर घेऊन सगळ्यांना तपासलं तर तुमचं काय जातं? मेडिकलच्या (सरकारी रुग्णालयाच्या) रांगेत उभं राहून बघा, मग ज्ञान पाजळा.'

रांगेचं नंतर. आधी ते 95 घेऊ, आणि किटला झुकतं माप देऊन घेऊ. शंभर रुग्णांतले 95 ते पकडतं आणि शंभर निरोग्यांतल्या दोघांनाच चुकून 'आहे' म्हणतं असं धरू. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 15 वर्षांवरच्या एक लाख लोकांत फुफ्फुसाचा टीबी सुमारे 316 जणांना होता. या हिशेबाने लाखभर लोक तपासलेत तर 300 रुग्ण सापडतील आणि जवळपास 2,000 धडधाकट माणसांच्या पट्टीवरही रेघ उमटेल. रेघ उमटलेल्या आठांतले सात विनाकारण घाबरणार. त्यात एखादीचं लग्न ठरलेलं असेल तर पुढचं रामायण तुम्हीच निस्तरा.

हेच किट दोन आठवडे खोकणाऱ्या, वजन उतरलेल्या लोकांत वापरा. त्यांच्यात हजारी 200 रुग्ण असतील तर 190 सापडतात, खोटे निघतात फक्त 16.

आणि ते 95 आलं कुठून? एका बाजूला बेडक्यात जंतूंचा खच असलेले रुग्ण, दुसऱ्या बाजूला तरणेताठे रक्तदाते, अशा परीक्षेत कोणतंही किट पहिल्या वर्गात पास होतं. खऱ्या परीक्षेत खोकत आलेला प्रत्येक जण ओळीने घ्यावा लागतो : दमेकरी, बिडीवाले, जुना टीबी बरा झालेले, सगळे. मग कल्चरशी, म्हणजे बेडक्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघण्याच्या तपासणीशी, ताडायचं, ज्याला सहा आठवडेही लागतात. पट्टी वाचणाऱ्याला कल्चरचा निकाल ठाऊक नको, हेही आलंच. रक्तातल्या प्रतिपिंडांवर (जंतूंशी लढायला शरीर बनवतं त्या प्रथिनांवर) चालणारी किटं आपल्याकडे अशीच खपत होती. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती वापरू नका म्हणून सांगितलं, 2012 मध्ये भारत सरकारने बंदी घातली. प्रतिपिंड जुन्या, झोपलेल्या (जंतू अंगात आहेत पण आजार नाही अशा) संसर्गाचेही असतात; आणि त्याच सर्वेक्षणात तसा संसर्ग जवळपास तिघांत एकाला होता.

उलट लघवीतल्या 'लॅम'ची, म्हणजे टीबीच्या जंतूच्या कवचातल्या एका पदार्थाची, पट्टी बघा. एचआयव्ही असलेल्या, लक्षणं दिसणाऱ्या रुग्णांतही ती शंभरातले 42 च पकडते. तरी 2016 च्या आफ्रिकेतल्या चाचणीत रुग्णालयात दाखल अशा रुग्णांचे मृत्यू तिने कमी केले, कारण अत्यवस्थ माणसाला बेडका काढणंच जमत नाही आणि लघवी मिळते.

रांगेबद्दल तुमचं बरोबर आहे. त्याच दिवशी उत्तर मिळालं तर माणूस उपचाराआधीच गळत नाही. म्हणूनच बॅटरीवर चालणारं, गोव्यात बनणारं ट्रूनॅट, म्हणजे बेडक्यात जंतूचा डीएनए शोधणारं छोटं यंत्र, मला आवडतं. साधारण तासाभरात टीबी आहे की नाही ते कळतं. पण त्यालाही बेडका लागतोच, आणि तोही खोकणाऱ्याचा.

पत्रक तुमच्याकडे आहेच, त्याचा फोटो इथे टाका. 'टीबी नसलेले' म्हणून घेतलेली माणसं कुठली होती तेवढं वाचू, मग शिबिराचं बोलू.