इच्छा तुमची, सही देवाची

तुम्हाला काहीतरी हवं आहे. लाजू नका, मलाही हवं आहे. चर्चच्या मंडळीत कुणाला व्यासपीठ हवं असतं, कुणाला माइक, कुणाला कमिटीच्या यादीत नाव, आणि ज्याला यांतलं काहीच नको असतं त्याला "याला बघा, काही म्हणून नको" अशी ख्याती तरी हवीच असते. हवं असण्यात काही अडचण नाही. अडचण आहे ती व्याकरणाची. "मला अध्यक्ष व्हायचंय" या वाक्यात माणूस फार उघडा पडतो. तेच "प्रभूने माझ्या मनावर या मंडळीचं ओझं ठेवलंय" असं म्हटलं की ऐकणाऱ्यांचे डोळे ओलावतात. ओझं हा शब्द मोठा गुणी आहे. डोक्यावर ओझं घेतलेला माणूस दिसला की लोक आपण होऊन बाजूला होतात आणि वाट देतात.

कर्मणी प्रयोगाचाही सराव ठेवा. "जबाबदारी माझ्यावर सोपवण्यात आली." कुणी सोपवली, केव्हा सोपवली, सोपवावी म्हणून आदल्या आठवड्यात कोण कुणाच्या घरी जाऊन आलं, हे काहीही त्या वाक्यात मावत नाही. "दार उघडलं गेलं" हेही तसंच. कडी आतून कुणी काढली ते दाराला विचारा.

हे व्याकरण न जमल्याने एक माणूस कसा वाया गेला ते बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, येशूने सांगितलेल्या दाखल्यात, 12व्या अध्यायात आहे. त्या धनवानाच्या जमिनीला भरघोस पीक आलं. तो म्हणाला, मी काय करू, माझं पीक साठवायला मला जागा नाही, मी माझी कोठारं मोडीन, मी मोठी बांधीन, मी माझ्या जिवाला म्हणेन की खा, पी, मजा कर. तीन वचनांत "मी" आणि "माझं" यांची नुसती रांग. त्याच रात्री त्याचा जीव मागितला गेला. पुष्कळ उपदेशक यातून लोभाविषयी धडा काढतात. माझ्या मते त्याचं चुकलं ते नियोजनात. त्याने नव्या कोठाराला "आशीर्वाद भवन" असं नाव दिलं असतं, कोनशिलेवर एक वचन कोरलं असतं आणि पाळकांना बोलावून समर्पणाची प्रार्थना करून घेतली असती, तर निदान अंत्यविधीला गर्दी तरी झाली असती.

आता जब्दीच्या मुलांकडे वळू. याकोब आणि योहान हे येशूच्या बारा शिष्यांपैकी दोघे भाऊ. ते सरळ येशूपाशी गेले आणि म्हणाले, तुझ्या गौरवात आमच्यातल्या एकाला तुझ्या उजवीकडे आणि दुसऱ्याला डावीकडे बसू दे. मार्काने आपल्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात हे काही न लपवता लिहून ठेवलं आहे. मत्तयाच्या सांगण्यात ही मागणी त्यांची आई करते. (आपल्या कामाला मत्तयाचीच तऱ्हा जास्त उपयोगी. स्वतःसाठी मागितलं तर हाव, मुलांसाठी मागितलं तर माया.) पण या प्रसंगातले खरे उस्ताद म्हणजे उरलेले दहा जण. ते रागावले. आता कशाबद्दल रागावले? खुर्ची मागितली म्हणून, की आपल्याआधी मागितली म्हणून? शेवटच्या भोजनाच्या रात्रीसुद्धा आपल्यात मोठा कोण, यावर याच मंडळींचा वाद झाला, असं लूक सांगतो. तेव्हा दुसऱ्याच्या हावेवर मनापासून संतापायला शिका. महत्त्वाकांक्षेने उपासनेला घालून जायचा पोशाख म्हणजे संताप. ज्याचा काटा काढायचा आहे त्याच्यासाठी प्रार्थनाही करा, फक्त मोठ्याने करा: "प्रभू, आमच्या या प्रिय बंधूला त्याच्या अहंकारातून सोडव."

नम्रतेविषयी मात्र जपून. ती कमी पडली तर कळते आणि जास्त झाली तर लोक खरी मानतात. मी हे अनुभवावर बोलतोय. एकदा मला एका समितीवर घ्यायचं चाललं होतं. पहिल्यांदा मी म्हणालो, "मी अपात्र आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या, पण "नाही" अशा डोलावल्या. दुसऱ्यांदा म्हणालो, तेव्हा आग्रह वाढला. त्या आग्रहाची गोडी लागून तिसऱ्यांदाही म्हणालो आणि एक वयस्कर बाई शांतपणे म्हणाल्या, "बरं, त्यांची इच्छा नाही तर नको." नकार दोनदाच द्यावा. 374 साली मिलानच्या लोकांनी अंब्रोसला बिशप करायचं ठरवलं तेव्हा तो प्रांताचा अधिकारी होता, अजून बाप्तिस्माही झालेला नव्हता, आणि तो खरोखरच पळून लपून बसला. शोधून काढून त्याला बिशप केलं गेलं. तुम्हीही लपा, पण पत्ता कुणाजवळ तरी ठेवून लपा.

एकांतातही गाफील राहू नका. पाचव्या शतकातल्या जॉन कॅसियनने इजिप्तच्या वाळवंटातल्या एका संन्याशाची गोष्ट लिहिली आहे. सगळं सोडून आलेला माणूस, एकट्याची खोली. एक वृद्ध साधू त्याला भेटायला आले तर आतून बोलण्याचा आवाज. ते दाराशी थांबले. आत हा गृहस्थ भरल्या मंडळीपुढे उभं असल्यासारखा जोरदार उपदेश करत होता. उपदेश संपल्यावर त्याने भूमिका बदलली आणि डीकन, म्हणजे उपासनेतला सेवक, होऊन ज्यांचा बाप्तिस्मा व्हायचा आहे त्यांना बाहेर जायला सांगू लागला. तेव्हा वृद्धांनी दार वाजवलं. हा खजील होऊन विचारतो, "बराच वेळ उभे होतात का?" ते म्हणाले, "छे, तू निरोप देत होतास, तेवढ्यातच आलो." बिचाऱ्याला रिकाम्या खोलीत करावं लागलं. आपल्या हातात तर फोन आहे. कॅसियन पोकळ मोठेपणाला कांदा म्हणतो. एक पापुद्रा काढला की खाली दुसरा असतोच, म्हणजे माल संपायची भीती नाही.

वचनं पाठ असायलाच हवीत, पण कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे. "मला जो सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्व काही करू शकतो" हे प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन घ्या आणि भिंतीवर लावा. त्याच्या आदल्या वचनात पौल उपाशी राहणं आणि गरजेत असणं शिकल्याचं सांगतो, शिवाय तो तुरुंगातून लिहितोय. तेवढा भाग चौकटीच्या बाहेर ठेवा. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 29व्या अध्यायातली, देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत ही गोष्टही अशीच गोड आहे, फक्त एक वचन मागे जाऊ नका. तिथे बाबेलच्या बंदिवासात 70 वर्षं काढावी लागतील असं लिहिलंय, आणि इतका वेळ आपल्याकडे नाही. तीमथ्याच्या पत्रात तर आपल्यासाठी आयतीच सोय आहे: जो अध्यक्षाचं काम करू पाहतो तो चांगल्या कामाची आकांक्षा धरतो. यातला "काम" हा शब्द दोन्ही ठिकाणांहून हलकेच उचलला की वचन अगदी आपल्या मापाचं होतं.

एवढं करून काय मिळतं, असा व्यवहारी प्रश्न कुणी विचारलाच तर आल्ब्रेख्टचं उदाहरण द्या. पंचविशीच्या आतच हा माणूस जर्मनीतल्या माग्देबुर्गचा आर्चबिशप झाला होता. 1514 मध्ये त्याला माइन्त्सचं पदही हवंसं वाटलं. एकाच वेळी इतकी पदं आणि तीही त्या वयात, हे चर्चच्या नियमात बसत नव्हतं. पण पोप दहावे लिओ यांच्याकडून सवलत मिळाली, तिच्यासाठी मोठी रक्कम लागली आणि ती फुगर या सावकार घराण्याने कर्जाऊ दिली. कर्ज फिटावं म्हणून पापाच्या दंडातून सूट देणारी पत्रं विकायची परवानगी मिळाली. निम्मे पैसे रोमच्या संत पेत्राच्या मंदिरासाठी आणि निम्मे सावकारासाठी. पत्रं घेणाऱ्या गरिबांना पहिल्या निम्म्याची माहिती होती. 1517 मध्ये मार्टिन लूथर नावाच्या एका प्राध्यापकाने 95 मुद्दे लिहून याच आल्ब्रेख्टला पाठवले आणि पश्चिमेकडचं चर्च पुढे दुभंगलं. आता तुम्ही विचाराल, आल्ब्रेख्टचं काय झालं? पुढच्याच वर्षी तो कार्डिनल झाला.

राहता राहिली प्रार्थना. याकोबाच्या पत्रात म्हटलंय की तुम्ही मागता पण मिळत नाही, कारण आपल्या चैनीवर उडवायला मागता. म्हणून उद्देशाचा रकाना नीट भरा. यादी आधी सविस्तर वाचा, पदांच्या नावांसकट, म्हणजे वर गोंधळ व्हायला नको. मग शेवटी, अटकेच्या रात्री येशूने गेथशेमाने बागेत म्हटलेलं ते वाक्य, "माझी नाही, तुझी इच्छा होवो", एका दमात म्हणून टाका. अर्जाच्या तळाशी सही करतात तसं. सही करताना कुणी अर्ज पुन्हा वाचत नाही. बागेत ते वाक्य म्हणताना लागलेला वेळ आणि आलेला घाम यांचा विचार करत बसलात तर मात्र पुढे सरकता येणार नाही.

एका माणसापासून तेवढं सावध राहा. तो मार्काच्या त्याच 10व्या अध्यायात आहे. "मी तुमच्यासाठी काय करावं अशी तुमची इच्छा आहे?" असं येशूने जब्दीच्या मुलांना विचारलं होतं. पंधरा वचनांनंतर तोच प्रश्न तो यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेल्या आंधळ्या भिकाऱ्याला विचारतो. हा बार्तीमय आधीपासूनच ओरडत होता. गप्प बस म्हणून लोकांनी दटावलं तर आणखी ओरडला. आणि विचारल्यावर म्हणतो काय, तर "मला दिसू दे." ओझं नाही, दर्शन नाही, कर्मणी प्रयोग नाही, समितीची शिफारस नाही. इतकी कच्ची प्रार्थना मी तरी कुठल्या सभेत ऐकलेली नाही. त्याला दिसू लागलं. खुर्ची मिळाली नाही, ती त्याने मागितलीही नव्हती. उठला आणि येशूच्या मागे वाटेने चालू लागला.

ती वाट यरुशलेमेला जात होती. उजवीकडची आणि डावीकडची जागा तिथे थोड्याच दिवसांत भरली. 15व्या अध्यायात नोंद आहे: येशूबरोबर क्रुसावर दोघे लुटारू, एक या बाजूला, एक त्या बाजूला. ज्यांनी आधी अर्ज केला होता ते, मार्काच्या सांगण्याप्रमाणे, बाकीच्यांबरोबर आदल्या रात्रीच पळून गेले होते.