'सडेतोड' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: ती गाय धर्माची नव्हती

मागच्या आठवड्यात मी इथे परदेशी अन्नमदतीवर लिहिलं. म्हणणं साधं होतं. श्रीमंत देशांनी आपल्या कोठारात उरलेलं धान्य भुकेल्या देशांकडे जहाजाने धाडण्यापेक्षा, जिथे बाजार चालू आहे तिथे लोकांच्या हातात रोख पैसे द्यावेत. धान्यच द्यायचं असेल तर ते जवळच्या मुलखातून विकत घेऊन द्यावं. त्यावर पुण्याहून 'सडेतोड' या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली. ती मी तशीच ठेवली आहे, काढणार नाही. पण उत्तर दिल्याशिवाय राहवतही नाही.

त्यांचे मुद्दे असे: १९६६ साली अमेरिकेचा गहू आला नसता तर लाखो माणसं मेली असती. रोख पैसे वाटले की भाव चढतात आणि पैसा भलत्याच खिशात जातो. संयुक्त राष्ट्रांच्या, रोममधून चालणाऱ्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या स्थापनेचं साल मी चुकवलं. शिवाय भारतानेही अफगाणिस्तानला गहूच पाठवला होता. आणि या सगळ्याच्या मधोमध हे वाक्य: "ताई, तुमचं म्हणजे धर्माची गाय आणि दात का गं नाय! स्वयंपाकघरातल्या आठवणींवरून जगाची धोरणं ठरत नसतात."

साल चुकलं हे खरं. स्थापना १९६१ ची, मी १९६३ लिहिलं होतं. दुरुस्ती केली आहे, धन्यवाद.

आता त्या वाक्याकडे येते.

'ताई' म्हणणारे मला आयुष्यभर भेटले. अंगणवाडीच्या सेविका म्हणायच्या, त्यांच्या मुली म्हणायच्या. त्या शब्दात माया असते, निदान आब तरी असतो. तुमच्या 'ताई'त तो दिसला नाही. समोरची व्यक्ती बाई आहे हे कळल्याबरोबर तिचा अनुभव स्वयंपाकघरात ढकलायचा आणि स्वतः धोरणाच्या खुर्चीवर बसायचं, हे बरं नव्हे. माझ्या जागी कुणी निवृत्त अधिकारी असते, तर त्यांच्या आठवणींना तुम्ही 'अनुभव' म्हटलं असतं. आणि धान्याची गोष्ट स्वयंपाकघरात नाही संपणार तर कुठे? रोममध्ये आणि वॉशिंग्टनमध्ये जे ठरतं ते शेवटी कुठल्यातरी बाईच्या परातीतच येऊन पडतं. ते तिथे कसं दिसतं, हे परातीपाशी बसलेलीला विचारायला नको?

१९६६ साली मी दहा वर्षांची होते. आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात, दौलतगंजात राहायचो. वडील कारकून, घरात नऊ माणसं. कंट्रोलच्या दुकानापुढे सकाळी सहाला पिशवी ठेवून नंबर लावायचा हे काम माझं आणि थोरल्या भावाचं. तो गहू लालसर, बारीक. आजी तो सुपात घेऊन अंगणात बसायची. आधी पाखडायची, मग ताटात पसरून एकेक खडा, एकेक काळा दाणा बोटाने बाजूला सारायची. आधीच मोजका, त्यातला मूठभर असाच जायचा. पीठ मळलं की हाताला चिकटायचं. पोळी तव्यावरून उतरली की ठीक, पण डब्यात गार झाली की चामड्यासारखी. आई त्यात जव-हरभऱ्याचं पीठ मिसळायची, म्हणजे तुटेल तरी. आजीने तक्रार केलेली मला आठवत नाही. शास्त्रीजींनी सांगितलं म्हणून आदल्या वर्षीपासून सोमवारी रात्री आमची चूल पेटत नव्हती, आणि शास्त्रीजी गेल्यावरही तिने तो नेम मोडला नाही. अशा घरातून मी आले आहे, सडेतोड. दात मोजत बसणारं घर नव्हतं ते.

आता तुमची म्हण. धर्माची गाय. दानात मिळालेल्या गाईचे दात बघू नयेत, कबूल. पण ती गाय धर्माची होती हे तुम्हाला कुणी सांगितलं?

ज्या कायद्याखाली तो गहू आला तो पब्लिक लॉ ४८०, आपल्याकडचा 'पीएल चारशे ऐंशी'. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यावर १९५४ च्या जुलैत सही केली. कायद्याच्या मूळ नावातच शेतमालाच्या व्यापाराचा विकास आहे, मदत त्यानंतर येते. अमेरिकेत सरकारने शेतकऱ्यांना भाव बांधून दिलेले होते, त्यामुळे गहू सरकारी कोठारांत साचत चालला होता आणि साठवणुकीचा खर्च डोईजड झाला होता. त्याला वाट काढणं हा कायद्याचा उघड लिहिलेला हेतू होता. भारताने १९५६ च्या ऑगस्टमध्ये पहिला करार केला आणि आपल्याकडे आलेला बहुतेक गहू विकत घेतला. डॉलर नव्हते म्हणून रुपयांत, पण विकत. ते रुपये अमेरिकेच्या खात्यात साठत गेले. इतके साठले की १९७४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी त्यातले १६६४ कोटी रुपये एका धनादेशाने भारत सरकारला परत केले. तो धनादेश त्या काळी जगातला सर्वांत मोठा म्हणून गाजला. परत केले हे चांगलंच झालं. पण त्याआधी इतकी वर्षं आम्ही फुकट खात होतो असं कुणी म्हणू नये. माझ्या वडिलांनी कंट्रोलच्या दुकानात दर खेपेला पैसे मोजले आहेत. पावत्या होत्या घरी.

आणि या गाईचं दावं कुणाच्या हातात होतं? १९६५-६६ च्या दुष्काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी लांब मुदतीचा करार करायचं थांबवलं आणि थोडा थोडा गहू मंजूर करायला सुरुवात केली. शेतीचं धोरण बदला, आमच्या व्हिएतनाम युद्धावर बोलताना जपून बोला, मग पुढचं जहाज. त्या वर्षी सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आलं आणि देश जहाजातून थेट तोंडात घास घालत जगला. बांगलादेशाचं तर याहून वाईट झालं. १९७४ साली तिथे दुष्काळ तोंडाशी आलेला असताना, त्यांनी क्यूबाला तागाच्या गोण्या विकल्या या कारणावरून अमेरिकेने धान्य अडवलं. गोण्या विकल्या म्हणून! पोरं रस्त्यावर मरत होती. हे लिहिताना आजही हात थरथरतो माझा.

हे जुनं झालं म्हणाल, तर नवं सांगते. २०२५ साली अमेरिकेने आपली परदेशी मदतीची यंत्रणाच गुंडाळली. त्या गोंधळात दुबईच्या गोदामात पडून राहिलेली सुमारे पाचशे टन पौष्टिक बिस्किटं मुदत संपून जाळून टाकावी लागली. अफगाणिस्तान-पाकिस्तानातल्या मुलांसाठी होती ती. देणाऱ्याच्या कोठारातलं अन्न शेवटपर्यंत देणाऱ्याचंच राहतं, हा माझा मुद्दा तुम्ही 'भावनिक' म्हणून उडवलात. ही बिस्किटं भावनिक आहेत का?

जहाजांचंही तसंच. अमेरिकी अन्नमदतीचा निदान अर्धा माल अमेरिकी झेंड्याच्या जहाजांनीच न्यावा असं त्यांचा कायदा सांगतो. १९८५ पासून २०१२ पर्यंत तर हा वाटा ७५ टक्के होता. ही जहाजं महाग. म्हणजे भुकेल्याच्या नावाने मंजूर झालेल्या पैशातला मोठा वाटा समुद्रावरच संपतो, आणि घास पोहोचतो कित्येक आठवड्यांनी. कॅनडाने २००८ साली आपली अन्नमदत या बंधनातून पूर्ण मोकळी केली, कुठूनही विकत घ्या म्हणून सांगितलं. केअर ही मोठी संस्था अमेरिकी मदतीवर चालत आलेली. मिळालेलं धान्य गरीब देशाच्या बाजारात विकून कामासाठी पैसा उभा करायचा, अशी रीत होती. त्याने तिथल्याच शेतकऱ्याचा भाव पडतो हे ओळखून तिने २००७ मध्ये वर्षाला साडेचार कोटी डॉलरच्या आसपासचं धान्य सोडून द्यायचं जाहीर केलं. या लोकांनीही दातच बघितले म्हणायचे का?

आमच्या दालबाजारात या कधी. व्यापारी गोणीत परखी खुपसतो, ती टोकदार लोखंडी पन्हळ, आणि चार दाणे तळहातावर घेऊन दाताखाली फोडून बघतो. दोन किलो घेणारी बाईसुद्धा मूठ भरून वास घेते. त्यात कुणाचा अपमान होत नाही. गरिबाने तसं पारखून बघितलं की मात्र अपमान होतो, असं का?

मी चौतीस वर्षं महिला व बालविकास विभागात नोकरी केली, त्यातली बरीच मध्य प्रदेशातल्या श्योपूरकडे. १९८७ चा पावसाळा होता, कराहलच्या बाजूला सहरिया आदिवासींच्या वस्तीत अंगणवाडी. परदेशातून आलेलं मका-सोयाबीनचं पिवळं पीठ आमच्याकडे यायचं. पौष्टिक होतं, मी नाव ठेवत नाही. एक आई डबा घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मैडम, ये कौन सा आटा है? इसकी रोटी नहीं बनती." खरंच बनत नव्हती, थापली की मोडायची. तिने दोन दिवस प्रयत्न करून उरलेलं बकरीला घातलं होतं, आणि तिचं मूल दीड वर्षाचं असून बसतं होत नव्हतं. मी सेविकेच्या घरून कढई आणली, ते पीठ मंद आचेवर भाजलं, गूळ विरघळवून त्यात घातला आणि लाडू वळले. पोरांनी खाल्ले. त्या मुलाने अर्धा लाडू मुठीत धरून चाटून चाटून संपवला. पण ती पाककृती गोणीवर कुठेच लिहिलेली नव्हती, आणि त्या बायांना आधी कुणी विचारलं नव्हतं की तुम्ही काय खाता. हरभरा आणि गूळ चार कोसांवरच्या हाटात मिळत होता. त्या आईच्या हातात तेवढे पैसे असते, तर बकरीऐवजी मूल जेवलं असतं.

तुम्ही म्हणता, वाचन वाढवा. वाढवीन. तुम्ही एकदा कराहलला जाऊन या.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. १९६६ च्या गव्हाने माणसं वाचली हे मी कधीच नाकारलं नव्हतं. मी स्वतः तो खाऊन वाढले, लेखात तसं लिहिलं आहे, पुन्हा वाचा. रोख पैशाने भाव चढतात ते जिथे बाजारात माल नसतो तिथे, म्हणूनच 'जिथे बाजार चालू आहे तिथे' हे शब्द मी घातले होते. खिशात जाण्याचं म्हणाल, तर गोण्यासुद्धा जातात.

अफगाणिस्तानचा मुद्दा मात्र तुम्ही उलटा धरलात. २२ फेब्रुवारी २०२२ ला अटारीहून पन्नास ट्रक निघाले, अडीच हजार टन गहू घेऊन, पाकिस्तानातून जलालाबादला. शेजारच्या मुलखातला गहू, जमिनीच्या रस्त्याने, रोज नान खाणाऱ्या लोकांसाठी. तिकडे तेव्हा बँका ठप्प होत्या, लोकांच्या हातात पैसा देण्याची सोयच उरली नव्हती, म्हणून धान्य. मी लेखात जे मागितलं होतं ते अगदी हेच. त्या गव्हाची पोळी कशी होते हे तिथल्या कुठल्याही बाईला कुणी शिकवायची गरज पडली नसणार.