‘दोन वायरी बॅटरीला जोडा, झालं काम!’ : हीटेड ग्रिप्सबद्दलच्या एका मेसेजला उत्तर

थंडी सुरू झाली की बाइकवाल्यांमध्ये हीटेड ग्रिप्सबद्दल, म्हणजे विजेवर तापणाऱ्या हँडलच्या मुठींबद्दल, एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच: “हीटेड ग्रिप्स घरी बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे. जुन्या ग्रिप कापा, नव्या सरकवा, लाल-काळी वायर थेट बॅटरीला जोडा. स्विच किटमध्ये असतोच, रिले-फ्यूजच्या भानगडीत पडू नका. जेमतेम ४ अँपिअर खातात, बॅटरीला कळतही नाही. डावी कमी तापली तर माल खराब आहे, परत करा. आणि एकदा बसवल्या की जाड हातमोजे लागतच नाहीत.”

घरी बसवता येतात, हे मला शंभर टक्के मान्य आहे. मल्टिमीटर (व्होल्टेज आणि रोध मोजणारं यंत्र) वापरता येत असेल तर जरूर बसवा. बाकीच्या जवळजवळ प्रत्येक वाक्यावर माझा आक्षेप आहे. सगळ्यात मोठा आक्षेप असा, की जिथे चूक झाली तर माणूस पडतो ते काम या मेसेजने ‘सरकवा’ या एका शब्दात उरकलंय. म्हणून सुरुवात तिथूनच.

‘नव्या सरकवा.’ डावी ग्रिप थेट हँडलवर बसते. उजवी बसते थ्रॉटलच्या नळीवर, म्हणजे रेस देताना हँडलभोवती फिरणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यावर. म्हणूनच किटमधल्या दोन ग्रिपांचा आतला व्यास वेगळा असतो. विकत घेण्याआधी आपलं हँडल २२ मिलिमीटरचं आहे की २५.४ चं, हे मोजून घ्या. मूळ रबरी ग्रिप घसरू नये म्हणून बऱ्याच गाड्यांत या नळीवर उंचवटे आणि कडा दिलेल्या असतात. रबर ताणून त्यांच्यावर बसतं. हीटेड ग्रिपच्या आत बहुतेक वेळा कडक गाभा असतो, तो ताणला जात नाही. त्यामुळे त्या कडा कानशीने घासून सपाट कराव्या लागतात. घाई नको. चार हात मारा, ग्रिप घालून बघा, अडली की काढून पुन्हा घासा. जोर लावून पिळत बसवली किंवा मागून ठोकली, तर आतली तापणारी तार तुटू शकते. ती दुरुस्त होत नाही, अख्खी ग्रिप फेकावी लागते.

आता त्याहून महत्त्वाचं. उजव्या ग्रिपमधून बाहेर येणारी वायर दर वेळी रेस दिली की ग्रिपबरोबर फिरते. ती ब्रेक लिव्हरच्या बुडाशी किंवा स्विचच्या डबीला अडली, की रेस उघडी राहते. वळणावर रेस परत न येणं म्हणजे काय, हे बाइक चालवणाऱ्याला सांगायला नको. म्हणून चिकटवण्याआधी ग्रिप कोरडीच बसवा आणि रेस पूर्ण बंद ते पूर्ण उघडी, या अख्ख्या फेऱ्यात वायर कुठून कुठे जाते ते नीट बघा. कुठेही घासत असेल तर ग्रिप थोडी फिरवून वायर निघण्याची जागा बदला, आणि वायरला सैल वळण ठेवा. ग्रिपचं टोक आणि हँडलच्या टोकाला बसवलेलं बार-एंडचं वजन यांच्यात १-२ मिलिमीटर फट हवीच, नाहीतर तिथेही घासतं.

मग तपासणी. हँडल पूर्ण डावीकडे, रेस उघडा आणि सोडा: खट्‌कन मागे आली पाहिजे. हँडल पूर्ण उजवीकडे नेऊन तेच. शेवटी न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा. इंजिनचा आवाज चढला, तर वायर किंवा थ्रॉटलची केबल कुठेतरी ओढली जातेय. ते शोधल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

अर्ध्या तासाचा हिशोब गोंदापाशीच कोसळतो. तापल्यावर मऊ होणारा गोंद वापरला तर ग्रिप हातातच फिरायला लागते, आणि तीही नेमकी थंडीत, कारण तेव्हाच ती तापवलेली असते. उष्णता सोसणारा इपॉक्सी किंवा किटबरोबर आलेलाच गोंद घ्या, नळी आणि हँडल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा घालवा, आणि लावल्यावर रात्रभर हात लावू नका.

‘थेट बॅटरीला जोडा.’ किल्ली काढली तरी बॅटरीचा करंट चालूच असतो. स्विच विसरला की ग्रिप्स तापत राहतात. ९ अँपिअर-तासांची बॅटरी आणि ४ अँपिअरचा भार, म्हणजे कागदावर सव्वादोन तास. पण गाडी स्टार्ट न होण्यासाठी बॅटरी पूर्ण उतरावी लागत नाही, अर्धी उतरली तरी पुरते. थंडीत तर बॅटरीची ताकद मुळातच कमी झालेली असते. एक अपवाद मान्य करतो: काही चांगल्या किटमध्ये व्होल्टेज पडलं की आपोआप बंद होणारा कंट्रोलर असतो, आणि बनवणाराच थेट बॅटरीला जोडा असं सांगतो. मेसेजमध्ये हा फरकच नाही, सगळ्यांना एकच सल्ला.

बाकीच्यांसाठी रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याला भानगड म्हणणं चूक आहे. चार पिना असतात: ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी वायर, ८७ ला ग्रिप्स, ८५ आणि ८६ पैकी एक अर्थला आणि दुसरी किल्ली फिरवल्यावर करंट येणाऱ्या एखाद्या वायरला, उदाहरणार्थ पार्किंग लाइटच्या. रिलेची कॉइल जेमतेम ०.२ अँपिअर घेते, त्यामुळे मूळ वायरिंगवर भार येत नाही. किल्ली बंद, ग्रिप्स बंद.

फ्यूजबद्दल गैरसमज असा, की तो ग्रिप्स वाचवायला असतो. फ्यूज वायर वाचवतो. हँडलच्या मानेपाशी वायर रोज वाकते आणि फ्रेमला घासते. तिथे आवरण फाटून तांबं लोखंडाला टेकलं, तर मध्ये फ्यूज नसेल तेव्हा बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. बारीक वायर काही क्षणांत लाल होते, आणि ती जाते पेट्रोलच्या टाकीखालून. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून शक्य तितका जवळ हवा, कारण त्याच्या अलीकडच्या तुकड्याला कोणतंच संरक्षण नसतं. ४ अँपिअरच्या भाराला ५ किंवा ७.५ चा पुरतो. काम सुरू करताना बॅटरीची मायनस वायर आधी सोडा, संपल्यावर ती शेवटी लावा.

‘४ अँपिअर बॅटरीला कळतही नाही.’ कोणत्या गाडीच्या? चालू गाडीत १४ व्होल्ट धरले तर हे ५६ वॅट झाले, म्हणजे जवळपास हॅलोजन हेडलाइटच्या एका बल्बाएवढे. मोठ्या गाडीचा आल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग, ते सहज देतो. लहान गाडीत हेडलाइट आणि पेट्रोल पंप भागवून उरतं किती, हा प्रश्न आहे, आणि आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, आल्टरनेटर पूर्ण क्षमतेने देतच नाही. तर्क लढवण्यापेक्षा मोजा. हेडलाइट आणि ग्रिप्स पूर्ण चालू ठेवून मल्टिमीटर बॅटरीच्या टर्मिनलला लावा. इंजिन ३,०००-४,००० आरपीएमवर असताना १३.५ च्या वर दिसलं तर निश्चिंत राहा. १२.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी भरत नाहीये, रिकामी होतेय. शिवाय उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते: १४ चे १२ व्होल्ट झाले की उष्णता सुमारे २७ टक्क्यांनी घटते. म्हणजे बॅटरीही जाते आणि हातही गार.

‘डावी कमी तापली तर माल खराब.’ बहुतेक वेळा माल ठीक असतो. डावी ग्रिप धातूच्या हँडलला चिकटलेली असते आणि हँडल तिची उष्णता ओढून घेतं. उजवीखाली प्लास्टिकची नळी असल्याने तिची उष्णता हातातच येते. काही उत्पादक यासाठी दोन्ही बाजूंचा रोध मुद्दाम वेगळा ठेवतात. संशय असेल तर बसवण्याआधी दोन्ही ग्रिप ओहममध्ये मोजा. समांतर जोडलेल्या ५६ वॅटच्या जोडीत प्रत्येकी ७ ओहमच्या आसपास येईल. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटलेली आहे, तेव्हा खुशाल परत करा. जागा असेल तर डाव्या ग्रिपखाली हीट-श्रिंकचा (तापवल्यावर आकसून घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या नळीचा) एक थर चढवा, फरक जाणवतो.

राहिले हातमोजे. ग्रिप तळव्याला ऊब देते. वारा लागतो तो बोटांच्या पाठीला आणि सांध्यांना, तिथे ग्रिप पोचतच नाही. तळव्याकडे पातळ आणि पाठीकडे जाड, वारा अडवणारे हातमोजे घ्या, शक्य असेल तर हँडगार्डही लावा. उघड्या हाताने तर हीटेड ग्रिप ‘हाय’वर मुळीच धरू नका. ४५-५० अंशांच्या पृष्ठभागालाही त्वचा बराच वेळ टेकून राहिली तर भाजते, आणि थंडीने बधिर झालेल्या हाताला ते वेळेत कळत नाही.