दंड माफ करणारे न्यायाधीश आणि दंडावर चालणारे शहर

कर्करोग झालेल्या ६३ वर्षांच्या मुलाला रक्ततपासणीसाठी घेऊन निघालेले ९६ वर्षांचे वडील, शाळेच्या हद्दीत गाडी वेगाने चालवल्याचा त्यांच्यावरचा ठपका आणि सारे ऐकून घेऊन तो खटलाच काढून टाकणारे न्यायाधीश फ्रँक कॅप्रिओ, ही चित्रफीत आपल्याकडेही भरपूर फिरते. तिच्याखालचा मजकूर साधारण असा असतो : अमेरिकेतली नगरन्यायालये गरिबाला अशीच वागवतात, न्यायाधीशाच्या मनात आले की दंड माफ होतो आणि आपल्याकडे असे न्यायालयच नाही. चित्रफीत खरी आहे आणि ती पाहून मलाही गहिवरून आले होते, परंतु मजकुरातले तिन्ही दावे टिकत नाहीत.

कॅप्रिओ १९८५ ते २०२३ या काळात ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहराच्या नगरन्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. एका न्यायालयावरून साऱ्या देशाची परीक्षा करायची, तर मिझुरी राज्यातील फर्ग्युसनचे नगरन्यायालयही पाहावे लागेल. सुमारे २१ हजार वस्तीच्या या गावात २०१४ साली पोलिसाच्या गोळीने मायकल ब्राऊन हा तरुण मारला गेला. त्यानंतर केंद्रीय न्याय विभागाने केलेल्या चौकशीचा अहवाल मार्च २०१५ मध्ये आला आणि त्यात असे दिसले की, २०१३ या एका वर्षात तिथल्या न्यायालयाने नऊ हजारांहून अधिक अटक वॉरंट काढली होती व त्यांतली बहुतेक पार्किंग, वाहतूक आणि घरांच्या देखभालीचे नियम यांसारख्या किरकोळ बाबींतून उद्भवली होती. एका बाईने २००७ मध्ये गाडी चुकीच्या जागी लावली, त्याबद्दल तिला १५१ डॉलर आणि वर शुल्क असा भुर्दंड पडला. पुढच्या सात वर्षांत तिला दोनदा अटक झाली, सहा दिवस कोठडीत काढावे लागले आणि ५५० डॉलर भरूनही २०१४ च्या अखेरीस तिच्या नावावर ५४१ डॉलर बाकी होतेच. मधल्या काळात तिने २५ आणि ५० डॉलर भरून पाहिले, तर रक्कम पूर्ण नाही म्हणून न्यायालयाने ते परत केले. हे कुणा एका खडूस कारकुनाचे काम नव्हते. २०१५ च्या अंदाजपत्रकात सुमारे १ कोटी ३३ लाख डॉलरांच्या सर्वसाधारण महसुलापैकी सुमारे ३१ लाख दंड आणि शुल्कांतून येतील असे शहराने धरले होते. जे न्यायालय नगरपालिकेची तिजोरी भरते, त्याच्याकडे लोक दाद मागायला जात नाहीत, त्याला टाळून राहतात.

दुसरा दावा माफीचा. पार्किंग, वाहतूक आणि शहराचे उपविधी, एवढाच प्रामुख्याने कॅप्रिओंचा प्रांत होता. तिथे सूट देण्यास जेवढा वाव असतो तेवढा खुनाच्या वा मालमत्तेच्या खटल्यात नसतो. शिवाय गरजूंचे काही दंड प्रेक्षकांच्या देणग्यांतून उभ्या राहिलेल्या निधीतून भरले गेले, म्हणजे तिथे दंड माफ झाला नव्हता, तो दुसऱ्याने भरला होता.

राहिला आपल्याकडचा प्रश्न. तालुक्याच्या ठिकाणचे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी धनादेश न वटल्याच्या तक्रारींपासून पोटगीपर्यंतची प्रकरणे रोज ऐकतात. लोकअदालतीत तर वादी-प्रतिवादी एकाच मेजाशी बसतात. तिथे होते ती तडजोड, माफी नव्हे. दोघांची संमती नसेल तर प्रकरण मूळ न्यायालयात परत जाते, आणि संमती झाली तर निवाड्यावर अपील नाही व दाव्यात भरलेले न्यायालयीन शुल्कही परत मिळते. नगरन्यायालयाच्या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारे आपले ग्राम न्यायालय. त्याचा कायदा २ ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे आणि न्यायाधिकाऱ्याने वेळोवेळी गावोगाव जाऊन सुनावणी घ्यावी, असे त्यातच लिहिलेले आहे. मात्र हे न्यायालय स्थापन करणे राज्यांच्या मर्जीवर ठेवल्यामुळे कित्येक राज्यांनी ते केलेच नाही. तक्रार करायचीच असेल तर या ढिलाईची करावी. तिच्यासाठी प्रॉव्हिडन्सची चित्रफीत लागत नाही.